वाचकांचे प्रश्न : नाकातील जंतू आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया

प्रश्न : माझ्या वडिलांच्या गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात मिरजेत व्हायची आहे. त्यापूर्वी त्यांच्या नाकातील स्वॅबमध्ये ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू आढळला आणि नाकात लावायचे मलम देण्यात आले. त्यांना सर्दी नाही, ताप नाही. मग हा आजार समजावा का? माझा मुलगा तालमीत जातो, त्याला वरचेवर केसतूड होते. त्याचा याच्याशी संबंध असेल का? घरातील सर्वांनीच मलम लावावे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या वडिलांना आजार झालेला नाही, ते या जंतूचे वाहक आहेत. साधारणपणे दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकपुडीत, जिथे बोट सहज पोचते अशा पुढच्या भागात, हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो. आपण तासगावचे, म्हणून मुद्दाम सांगतो : सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसतात, आणि अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने १८८२ मध्ये त्यांना दिलेल्या नावातही ‘द्राक्षांचा घड’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

खरी अडचण कातडीला छेद गेला की सुरू होते. नाकाला लागलेले बोट नकळत जखमेला लागते, आणि वाहकाला शस्त्रक्रियेनंतर या जंतूचा संसर्ग झालाच, तर तो बहुतेक वेळा त्याच्याच अंगावरचा निघतो. कृत्रिम सांध्यावर हा जंतू चिकट थर करून बसतो. त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव फारसा पडत नाही आणि कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून ही आधीची खटपट. नेदरलँड्समधील रुग्णालयांत वाहकांना अगोदरच नाकासाठी मुपिरोसिन या प्रतिजैविकाचे मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची आंघोळ दिली असता या जंतूचा संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

मलम सहसा दिवसातून दोनदा, पाच दिवस लावतात. काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढे मलम प्रत्येक नाकपुडीच्या आत लावावे आणि मग दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून हलक्या हाताने चोळाव्यात, म्हणजे ते सगळीकडे पसरते. आंघोळीचे औषध डोळ्यांत व कानांत जाऊ देऊ नये; आंघोळीनंतर अंगाला तेल लावू नये, आणि धुतलेले कपडे व धुतलेली चादर वापरावी. गुडघ्यावरचे केस मात्र घरी वस्तऱ्याने काढू नयेत. ब्लेडचे बारीक ओरखडे दिसत नाहीत, पण जंतूला तेवढी वाट पुरते.

घरातील बाकीच्यांनी मलम लावण्याची गरज नाही. निरोगी माणसाच्या नाकातून जंतू घालवला, तरी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो बहुधा परत येतो, आणि सरसकट वापराने औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. मेथिसिलिन हे औषध वापरात येऊन जेमतेम दोन वर्षे होतात न होतात तोच, १९६१ मध्ये, त्याला दाद न देणारा हाच जंतू ब्रिटनमध्ये सापडला होता.

मुलाच्या केसतुडामागे हाच जंतू असण्याची शक्यता बरीच आहे; मात्र तो आजोबांकडूनच आला असे मानण्याचे कारण नाही. कुस्तीत अंगाला अंग घासते, खरचटते, आणि एकाच पंचाने चौघे अंग पुसतात. हळद, ताक, तेल घातलेल्या तांबड्या मातीने कातडी निरोगी राहते असे वस्ताद मंडळी सांगतात. त्या मातीचा मान ठेवूनही सांगावेसे वाटते की सरावानंतर लगेच साबण लावून आंघोळ करण्याला पर्याय नाही. पंचा आणि लंगोट स्वतःचाच असावा, तो रोज धुऊन कडक उन्हात वाळवावा, आणि केसतूड पूर्ण सुकेपर्यंत आखाड्यात उतरू नये. ते दाबून फोडणे तर कटाक्षाने टाळावे, विशेषतः नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे, कारण तेथील संसर्ग क्वचित मेंदूच्या शिरांपर्यंत पोचू शकतो. इतक्या वरचेवर होत असेल, तर पुवाची तपासणी आणि एकदा रक्तातील साखर पाहून घ्यावी.

तोवर नातवाचा टॉवेल आजोबांच्या हाती लागू देऊ नका. वडील बागेत जात असतील, तर छाटणीच्या कात्रीचा ओरखडा, टाचेची चिघळलेली भेग किंवा कुठेही आलेली पुळी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य दाखवा, मग तारीख चार दिवस पुढे गेली तरी चालेल.