एच७ वर उंट देऊन पोट्टे हरतात, कारण बळीच्या आधीचा हिशेब होत नाही

सर, तुमचा प्रश्न असा आहे की शाळेतले पोट्टे तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत एच७ वर उंट देतात, राजा तो मारतो आणि पुढे काहीच निघत नाही. पोट्टे घाबरट नाहीत हे चांगलंच. पण ते उलट्या टोकाकडून विचार करताहेत. आमिषाचा बळी द्यायचा तो समोरच्याची सोंगटी एका ठरावीक घरात आणण्यासाठी. त्यामुळे ते घर आधी सापडायला हवं, काय द्यायचं ते नंतर.

पटावर एवढंच मांडा. पांढरा: राजा बी१, हत्ती एच१, घोडा ई५, प्यादी ए२ आणि बी२. काळा: राजा जी८, वजीर डी८, प्यादी एफ७ आणि जी७. चाल पांढऱ्याची. पोट्ट्यांना विचारा, घोडा एफ७ वर बसला तर आठव्या ओळीत कुठे कुठे मारतो? डी८ आणि एच८. डी८ ला वजीर आहेच, म्हणजे राजा एच८ ला हवा. म्हणून हत्ती एच८, शह. राजाला दुसरी चालच नाही, हत्ती मारावाच लागतो. मग घोडा एफ७ चं प्यादं मारून शह देतो, राजा सरकतो, वजीर गेला. आधीच घोड्याने एफ७ मारलं असतं तर जी८ च्या राजाने घोडाच खाल्ला असता. हत्तीने राजाला फोर्कच्या (एका चालीत दोन सोंगट्यांवर मारा) घरात आणलं आणि एफ७ च्या राखणीवरूनही हटवलं.

आता त्याच मांडणीत काळ्याचा एक हत्ती एफ८ वर ठेवा. एफ७ ची राखण हत्ती करतो, घोडा मरतो, बळी वाया. तो हत्ती काढून वजीर ई७ ला नेला तरी तसंच: एफ७ वर वजीर मारतो, आणि जी६ वरून फोर्क करायला जावं तर एफ७ चं प्यादं मारतं. एकेक सोंगटी बदलून 'आता चालतं का?' विचारत राहा. पन्नास कोडी सोडवण्यापेक्षा याने जास्त शिकता येतं, असं माझं मत. नेट नसलं तरी चालतं.

आता एच७ चं. उंट एच७, राजा मारतो, घोडा जी५ शह, राजा जी८, वजीर एच५ आणि एच७ वर मातेची धमकी. हे बसायला एफ६ चा घोडा हटलेला हवा, म्हणूनच बहुधा पांढऱ्याचं प्यादं ई५ वर असतं. तो घोडा तिथे असेल तर एच५ आणि एच७ दोन्ही राखतो. काळ्याचा उंट एफ५ ला येऊ शकत असेल किंवा घोडा एफ८ ला, तरी मात टळते. ई७ चा उंट जी५ चा घोडा मारत असेल तर बघा, तुमचं प्यादं एच४ ला आणि हत्ती एच१ ला आहे का. असेल तर प्याद्याने जी५ मारताच हत्तीचा शह उघडतो. नसेल तर हल्ला बहुतेक तिथेच विरतो. आणि राजा जी८ ऐवजी जी६ ला आला तर? पोट्टे नेमके इथे अडकतात. वजीर जी४ किंवा एच चं प्यादं एच४-एच५ ढकलणे, दोन्ही वाटा उंट देण्याआधीच मोजलेल्या हव्यात. पारावर देशी पद्धतीने खेळणाऱ्यांत किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल, जिने राजा जी८ ला जाऊन बसतो) नसतो, राजाला एकदा घोड्याची उडी असते. तिथली सवय घेऊन आलेल्या मुलांना हा नमुना आधी पटतच नाही.

शुद्ध आमिष दाखवायचं तर रेटी विरुद्ध तार्ताकोवर या उस्तादांचा डाव, व्हिएन्ना, १९१०. नवव्या चालीला रेटीने वजीर डी८ वर दिला. राजाने तो मारताच उंट जी५, हत्ती आणि उंट दोघांचा एकदम शह. दुहेरी शहात मध्ये सोंगटी घालून उपयोग नाही, राजालाच हलावं लागतं: सी७ ला गेला तर उंट डी८ मात, ई८ ला गेला तर हत्ती डी८ मात. राजा ई८ वरच असता तर त्या उंटाच्या चालीने शहही बसला नसता.

शेवटी कोंडीमात मांडा, म्हणजे राजा स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडून घोड्याने होणारी मात. पांढरा: वजीर सी४, घोडा एच६, राजा जी१. काळा: राजा एच८, हत्ती एफ८, प्यादी जी७, एच७. वजीर जी८ शह. घोड्याच्या जोरामुळे राजाला मारता येत नाही, हत्ती मारतो, घोडा एफ७ मात. मग काळ्याचा एक घोडा एफ६ वर ठेवून तीच चाल खेळायला लावा. आता जी८ वर तो घोडा मारतो, हत्ती एफ८ वरच राहतो आणि एफ७ राखतो. जो पोट्टा वजिराला हात लावण्याआधी हे सांगेल, त्याला पहिल्या पटावर बसवा.