मासा तीस पौंडांचा, मग मस्कीच्या रीलवर ८० पौंडी ब्रेडेड लाइन कशाला?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी लिहितो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे रत्नागिरीचे, लहानपणापासून खाडीत मोनोवर (एकाच धाग्याच्या नायलॉन लाइनवर) गरवत आलात. आता मिनिआपोलिसला नोकरी आहे आणि जूनच्या पहिल्या शनिवारी मस्कीचा (इथल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाचा) हंगाम उघडला की सुरुवात करायची आहे. ४०० साइझची बेटकास्टिंग रील आणि साडेआठ फुटी हेवी रॉड घेऊन झालाय. दुकानात ५०, ६५, ८०, १०० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या, लाइन दाखवल्या आणि डोकं चक्रावलं, कारण तीस पौंडांचा मस्की म्हणजेसुद्धा नशीब उघडलं म्हणायचं. शिवाय गावाहून आणलेली ४० पौंडी मोनो चालेल का, हेही विचारलंय.

८० पौंडी घ्या. मोनो फेकून देऊ नका, तिचा एक उपयोग पुढे सांगतो, पण मुख्य लाइन म्हणून ती नको.

लाइनवरचा आकडा (किती ताणाला ती तुटते तो) माशाच्या वजनाशी जुळवायची आपल्याला सवय असते आणि बहुतेक मासेमारीत ती बरोबरही असते. मस्कीत ती कामाला येत नाही. पाण्यात माशाचं वजन लाइनवर जवळजवळ येतच नाही. येतो तो त्याच्या धावेचा ताण, आणि किती ताण आला की रीलने लाइन सोडायची हे तुमची ड्रॅग (रीलमधला ब्रेक) ठरवते. ड्रॅग नीट लावलेली असेल तर मस्कीने चांगली ५० पौंडी लाइन केवळ ताकदीने तोडणं अवघड आहे. मी इथल्या तळ्यांवर अनेक वर्षं मस्कीच्या मागे आहे आणि माझं ठाम मत आहे की मस्कीची लाइन तुटते ती फेकताना.

काय होतं ते सांगतो. मस्कीचे ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषं, अवजड असतात. दोन मोठ्या फिरत्या पात्यांचा केसाळ बकटेल तीन औंसांच्या आसपास, रबरी बुलडॉग त्याहून जड, आणि पाउंडर नावाचा प्रकार तर नावाप्रमाणे पौंडभर वजनाचा. एवढं वजन साडेआठ फुटी रॉडने जोर लावून फेकल्यावर स्पूल (लाइन गुंडाळलेली चकरी) भन्नाट फिरतो. पात्यांना समोरचा वारा लागला की ल्युअरचा वेग मंदावतो, पण स्पूल आपल्याच वेगात फिरत राहतो. सुटलेली लाइन स्पूलवरच गुंतते आणि हवेतला ल्युअर एका क्षणात थांबतो. ब्रेडेड लाइन जवळपास ताणलीच जात नाही. त्यामुळे तो सगळा हिसका एका जागी बसतो, काडकन आवाज येतो आणि तीस डॉलरचा बकटेल एकटाच लांब उडून पाण्यात पडतो. जवळ दुसरी बोट असेल तर हे धोक्याचंही आहे.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं, आणि दुकानात ते कुणी सांगत नाही. लाइन जितकी बारीक तितकी ती ताण आल्यावर खालच्या वेढ्यांत रुतते, पतंगाचा मांजा ढिल्या फिरकीत रुतावा तशी. शेवाळात अडकलेला ल्युअर तुम्ही जोर लावून सोडवता, तेव्हा वरचे वेढे खाली घुसतात. डोळ्यांना काही दिसत नाही. पुढच्या फेकीत लाइन त्या जागी पोचली की स्पूल अडतो आणि पुन्हा तोच हिसका. या दोन्हींवर जाड आणि दमदार लाइन हाच उपाय.

‘जाड’ म्हटलं तरी घाबरू नका. पॉवरप्रो या ब्रेडेड लाइनच्या डब्यावरचे आकडे पाहा: ५० पौंडी ०.३६ मिलिमीटर, ६५ पौंडी ०.४१, ८० पौंडी ०.४३ आणि १०० पौंडी ०.४६. म्हणजे ६५ वरून ८० वर जाताना जाडी नाममात्र वाढते आणि ताकद १५ पौंडांनी. ८० पौंडी ब्रेडेड जाडीने साधारण १८ पौंडी मोनोइतकीच असते. तुमची ४० पौंडी मोनो तिच्यापेक्षा स्पष्ट जाड निघेल, घरी बोटांत धरून पाहा. एवढ्याशा जाडीसाठी ६५ वर थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

मोनो का नको, याचं खरं कारण मात्र जाडी नव्हे, तिचं ताणलं जाणं आहे. मस्कीचा जबडा हाडाचा. तो ल्युअर आडवा पकडतो आणि असा घट्ट दाबून धरतो की तुम्ही ओढलं तरी ल्युअर त्याच्या तोंडात हलत नाही. हुक बसायला ल्युअर दातांमधून थोडा तरी सरकला पाहिजे. हे जाडजूड ट्रेबल (तीन टोकांचे) हुक असतात आणि मासा कधी कधी तीस-चाळीस यार्डांवर लागतो. मोनो एवढ्या अंतरावर रबरासारखी ताणली जाते, तुमचा सगळा झटका त्या ताणातच संपतो, आणि मासा तोंड उघडून ल्युअर सोडून देतो. म्हणून जुने मस्कीवाले डेक्रॉनची विणलेली लाइन वापरत, कारण ती मोनोपेक्षा कमी ताणली जाई. स्पेक्ट्रा, डायनीमा हे पॉलिथिलीनचे अतिशय मजबूत धागे आले आणि डेक्रॉन मागे पडली. आजच्या जवळपास सगळ्या ब्रेडेड लाइन याच दोन धाग्यांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या असतात. त्यामुळे कंपनीवरून जेवढे वाद होतात तेवढा फरक पाण्यावर जाणवत नाही.

चार पदरी आणि आठ पदरी यांत फरक आहे, पण दुकानदार सांगतो तसा नाही. आठ पदरी लाइन गोल आणि गुळगुळीत असते, गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) कमी आवाज करते, थोडी लांब जाते. तेच चार पदरीत प्रत्येक पदर जाड असतो, त्यामुळे खडकाला घासली तर ती जरा जास्त टिकते, आणि स्वस्तही पडते. तीन-चार औंसांचा ल्युअर तसाही लांबच जातो. तेव्हा मस्कीसाठी लांबीचा फायदा मी मोजत नाही. मिल लॅक्स तळ्यावर खडकाळ उंचवटे आहेत, मिनेटोंका तळ्यात झेब्रा शिंपल्या आहेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. अशा ठिकाणी मी साधी चार पदरी पॉवरप्रो पसंत करतो. सफिक्स ८३२ मध्ये सात धागे डायनीमाचे आणि एक गोर कंपनीचा असतो. तीही उत्तम, हाताला मऊ लागते, पण पैसे जास्त. तुमच्या पहिल्या वर्षाला चार पदरी पुरे.

१०० पौंडी कधी? पाउंडरसारखं जड काही दिवसभर फेकणार असाल तेव्हा. ५० आणि ६५ मला लहान ल्युअरसाठी ठीक वाटतात, हंगामाच्या सुरुवातीला पाणी थंड असताना चार-पाच इंची बकटेल फेकायचे असतील तर. पण एकच रील आहे तोवर ८०.

रंगाचा विचार करू नका. ब्रेडेडपुढे लीडर (दातांना टिकणारा छोटा तुकडा) असतोच, मासा बघतो तो ल्युअर. गडद हिरवी लाइन महिन्याभरात फिकट पडते, त्याने ती कमजोर होत नाही.

आता भरण्याची पद्धत, कारण चांगली लाइन वाईट भरली तर सगळं वाया. ब्रेडेड थेट स्पूलच्या गुळगुळीत धातूवर बांधली की ती गठ्ठ्यानं गोल फिरते. तुम्ही हँडल फिरवत राहता आणि मासा जागेवरच. यासाठी तुमची ती ४० पौंडी मोनो! स्पूलवर आधी मोनोचे काही वेढे घट्ट भरा, मग डबल युनी गाठीने ब्रेडेड जोडा. शंभरेक यार्ड ब्रेडेड वर आली तरी भरपूर, कारण मस्की समुद्रातल्या माशासारखा शेकडो यार्ड पळत नाही, त्याची लढाई बोटीजवळची. भरताना ओल्या फडक्यात लाइन घट्ट चिमटीत धरा, बोटं भाजतील एवढी घट्ट, आणि दुसऱ्याला हँडल फिरवायला सांगा. ढिली भरलेली लाइन हेच रुतण्याचं मूळ. काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा.

लीडरशिवाय एकही फेक नको. मस्कीच्या दातांपुढे ब्रेडेड लाइन एका झटक्यात कापली जाते, मग ती ८० असो की १५०. बकटेल आणि रबरी ल्युअरसाठी १३० पौंडी फ्लुओरोकार्बनचा फूट-दीड फूट लांबीचा लीडर, आणि सुइकसारख्या झटक्याने चालवायच्या लाकडी ल्युअरसाठी कडक तारेचा. लीडर तयारच मिळतो, एका टोकाला बेअरिंगचा स्विव्हल (फिरती कडी) आणि दुसऱ्याला मजबूत स्नॅप (ल्युअर अडकवायची उघडबंद कडी). यात पैसे वाचवू नका. लाइन तुटून तीन ट्रेबलचा ल्युअर माशाच्या तोंडात राहिला तर तो मासा मेल्यात जमा असू शकतो. ही काळजी मला ल्युअरच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, आणि इथले बहुतेक मस्कीवाले त्याहून मोठाही सोडूनच देतात. तेव्हा मासा धडधाकट परत जाणं हे आपल्या सामानावर अवलंबून आहे. जड लाइनचा आणखी एक फायदा इथेच: लढाई लवकर संपते, मासा दमून मरत नाही. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मात्र कितीही जड सामान असलं तरी मस्कीला हात लावू नका, त्या दिवसांत वॉलाय किंवा बास हे दुसरे मासे धरा.

लीडरच्या स्विव्हलला पॅलोमार गाठ मारा. सोपी आहे, लाइन दुहेरी जाते आणि ब्रेडेड तिच्यातून निसटत नाही. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, शेपूट पाव इंच सोडा. रोज सकाळी पाण्यावर जाण्याआधी शेवटची दोन-तीन फूट लाइन कापून गाठ नवी मारायची. ही सवय आधीच लावून घ्या, कारण सगळा मार त्याच तुकड्यावर बसतो. दिवसातून अधूनमधून लीडरच्या वरची लाइन नखावरून ओढून बघा. केस उठल्यासारखं खरखरीत लागलं की कापा, विचार करत बसू नका.

ब्रेडेड न ताणणारी आहे याची दुसरी बाजू बोटीजवळ कळते. प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात घालून ल्युअर आठाच्या आकड्यात फिरवायचा असतो, कारण मस्की बोटीपर्यंत मागे येतो आणि पुष्कळदा तिथेच झडप घालतो. तेव्हा बाहेर जेमतेम हातभर लाइन असते. ड्रॅग पूर्ण आवळलेली असेल तर त्या धक्क्याला सोसायला फक्त रॉड उरतो, आणि एक तर हुक फाटून निघतो नाहीतर रॉड मोडतो. म्हणून ड्रॅग अशी लावा की हाताने लाइन ओढल्यावर जोर लागावा, पण ती सुटावी. आठ काढताना अंगठा स्पूल मोकळा करणाऱ्या बटणावर तयार ठेवा. मासा लागला आणि हुक बसला की बटण दाबून अंगठ्याखालून थोडी लाइन जाऊ द्यायची आणि मग रील पुन्हा लावायची. हे घरी अंगणात करून बघा.

आणि एक ताकीद. ल्युअर बुडालेल्या लाकडात अडकला तर ८० पौंडी लाइन कधीही हाताला गुंडाळून ओढू नका. ती तुटण्याआधी तुमचं बोट कापेल. होडी ल्युअर अडकलेल्या जागेच्या पलीकडे न्या, उलट्या दिशेने हलकं झटका, बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर बोटीच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) दोन वेढे देऊन बोटीनेच ओढा, रॉड सरळ त्या दिशेला ठेवून रीलवर जोर येऊ न देता. बोल्ट कटर आणि लांब पक्कड बोटीत हवेच, हुक माशाच्या जबड्यात खोल असला तर काढत बसण्यापेक्षा कापणं चांगलं.

कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. ही लाइन कुजत नाही, आणि इथे तळ्यातळ्यावर लून पक्षी आहेत, त्यांच्या पायांत ती अडकते.

लाइन किती वर्षं चालेल, हे विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. हंगाम संपला की ती उलटी भरा, म्हणजे आतलं न वापरलेलं टोक बाहेर येतं आणि आणखी एक हंगाम निघतो. पॅलोमारची गाठ १३० पौंडी लीडरच्या स्विव्हलमधून जाते ना, हे दुकानातच बघून घ्या, काही स्विव्हलची कडी दुहेरी लाइनसाठी फार अरुंद असते. रीलचं नेमकं मॉडेल कळवलंत तर खाली किती मोनो आणि वर किती ब्रेडेड बसेल, तेही सांगतो.