ई-कार घरी चार्ज करतोय तर लाईट बिल डबल, तक्रार कशी करू?

आधी मीटर बघा. गाडी लावताना आणि काढताना रीडिंगचा फोटो काढा, ३० युनिटची बॅटरी पूर्ण रिकामी असली तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज (लॉस) धरून ३३-३४ युनिट जातात, त्याच्या वर लईच गेलं तर मीटर टेस्टिंगचा अर्ज द्या. आमच्या राजारामपुरीत शेजारच्या काकांना रीडिंग न घेताच सरासरी बिल टाकलेलं, फोटो दाखवल्यावर दुरुस्त झालं. पण १०० आणि ३०० युनिटच्या वर स्लॅब बदलून दर चढतो, ती चूक नसतीय. आणि लाईट तोडतील म्हणून घाबरू नका, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागच्या ६ महिन्यांची सरासरी 'अंडर प्रोटेस्ट' (म्हणजे बिल मान्य नाही अशी हरकत नोंदवून) भरली की वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. अर्जाची पोच मात्र घ्याच.