कॅमेरोला सुपरचार्जर बसवायचा आहे. पैसा कुठून काढू?

प्रश्न: मी मिशिगनमध्ये एका ऑटो सप्लायर कंपनीत इंजिनिअर आहे. वय ४२. चार वर्षांपूर्वी १९६९ची शेव्हर्ले कॅमेरो ३८ हजार डॉलरला घेतली. आधीच्या मालकाने मूळ इंजिन काढून त्यात जनरल मोटर्सचं (जीएम) एलएस३ हे व्ही-८ इंजिन बसवलेलं आहे, गिअरबॉक्स ४एल६०ई ऑटोमॅटिक. मागचा अ‍ॅक्सल आणि चारही ड्रम ब्रेक मूळचेच आहेत. आता तिला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, बसवायचा आहे. तीन पर्याय पुढ्यात आहेत: इंजिनच्या डोक्यावर बसणारं नवं किट साडेआठ हजारांना, पुढच्या बाजूला बसणारं सेंट्रिफ्यूगल साडेसहा हजारांना, किंवा कॅडिलॅकच्या एलएसए इंजिनावरून काढलेला जुना सुपरचार्जर अडीच हजारांना. मला सिग्नलवरून निघतानाच पाठीला सीट भिडायला हवी आहे. पैसे घराच्या हेलॉकमधून (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज) साडेआठ टक्क्यांनी मिळतील, नाहीतर ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून कर्ज काढता येईल. अडीअडचणीसाठी २४ हजार बाजूला आहेत, घरखर्च महिना सहा हजार. महिन्याला ७०० उरतात, मार्चमध्ये हातात आठेक हजार बोनस येतो. मुलगी आठवीत आहे, तिच्या कॉलेजसाठीच्या ५२९ बचत खात्यात दरमहा भर घालतो. आईवडील सांगलीत असतात. बायकोचं म्हणणं आहे की आधी स्वयंपाकघर करून घेऊ. कोणता पर्याय पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचा?

उत्तर: तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तुम्ही सगळे आकडे उघड मांडलेत आणि हौस लपवली नाहीत. हौसेला खर्च करणं यात गैर काही नाही. तिची पूर्ण किंमत आधी ठाऊक असली पाहिजे आणि ती कर्जावर उभी नसली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही तीन किमती दिल्यात, पण त्या फक्त खोक्याच्या आहेत. तुमच्या गाडीत खरा खर्च खोक्याच्या बाहेर आहे. एलएस३ कारखान्यातून ४३० हॉर्सपॉवरचं येतं. सहा-सात पीएसआय बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, दिला की साडेपाचशेच्या पुढे जातं. ही ताकद जाते कुठे? आधी ४एल६०ई मधून आणि मग १९६९च्या टेन-बोल्ट अ‍ॅक्सलमधून. हा गिअरबॉक्स एलएस३च्या मूळ टॉर्कनेच (फिरवण्याच्या जोरानेच) टेकीला येतो. त्यात तुम्हाला हवा आहे सिग्नलवरून निघतानाचा धक्का, म्हणजे कमी आरपीएमवरचा टॉर्क, आणि नेमका तोच गिअरबॉक्सचे क्लच आणि अ‍ॅक्सलचे दात खातो. त्याहून दणकट ४एल८०ई गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर आणि कंट्रोलर मिळून साडेचार हजार धरा. दणकट अ‍ॅक्सल मजुरीसकट ३,८००. पुढे डिस्क ब्रेक २,०००. इंधनाचा पंप आणि मोठे इंजेक्टर १,२००, डायनोवरचं (ताकद मोजायच्या यंत्रावरचं) ट्यूनिंग ९००. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या गॅरेजकडून लेखी कोटेशन घ्या. नव्या किटचे साडेआठ हजार त्यात मिळवले की बेरीज २०,९०० होते. साडेआठ हजारांचा प्रश्न हा खरं तर एकवीस हजारांचा आहे.

आता ही रक्कम हेलॉकवर टाकून बघू. साडेआठ टक्के, पाच वर्षं: हप्ता महिना ४३० डॉलरच्या आसपास आणि नुसतं व्याज ४,८००च्या वर. तुमच्या ७०० मधले ४३० पाच वर्षं बांधले गेले, आणि त्याच काळात मुलगी कॉलेजला जाणार. वर हेलॉकचा दर बदलता असतो, बँकांचा आधारभूत प्राइम रेट चढला की तोही चढतो. हे व्याज करातून वजा होत नाही, कारण घर घेणं, बांधणं किंवा सुधारणं यासाठी पैसा वापरला तरच ती सवलत मिळते. तुमच्या पत्नी म्हणतात ते स्वयंपाकघर या नियमात बसतं, तुम्ही रिटर्नमध्ये वजावटी एकेक करून दाखवत (आयटमाइझ) असाल तर. हेलॉक त्या कामासाठी मोकळी ठेवा. गाडीच्या हौसेसाठी राहतं घर गहाण टाकायला मी तरी हो म्हणणार नाही.

४०१-के चं कर्ज वरवर गोड दिसतं. व्याज आपलंच आपल्याला मिळतं, क्रेडिट स्कोअरला धक्का नाही, कागदपत्रं जुजबी. तुमच्या नावावर पक्क्या झालेल्या रकमेच्या निम्मी, पण जास्तीत जास्त ५० हजार डॉलरपर्यंत, आणि साधारणपणे पाच वर्षांत परतफेड. पण यातली मेख नोकरीशी जोडलेली आहे. नोकरी गेली आणि कर्ज बाकी असलं, तर कंपनीची योजना ती बाकी रक्कम तुम्ही काढून घेतली असं धरू शकते. त्या वर्षीचं रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत ती रक्कम दुसऱ्या निवृत्ती खात्यात भरली नाही, तर तिच्यावर आयकर लागतो आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असल्यामुळे सहसा वर दहा टक्के दंडही. थोडक्यात, पगार थांबलेला असताना हा पैसा उभा करावा लागतो.

आणि तुम्ही काम करता ऑटो सप्लायरकडे. २००९ मध्ये एप्रिलअखेर क्रायस्लरने आणि १ जूनला जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. सप्लायरांपैकी डेल्फाय तर त्याआधी २००५ मध्येच त्या वाटेने गेली होती. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या किती घरांनी तो काळ काढला हे तुम्हाला मंडळाच्या जुन्या लोकांकडून कळेल. वाहन उद्योगाला मंदी आली की तुमचा पगार धोक्यात येतो, त्याच वेळी हौशी लोक हात आखडतात आणि जुन्या गाड्यांचे भावही बसतात. गाडी विकून कर्ज फेडू म्हणाल, तर तेव्हाच तिला गिऱ्हाईक मिळणार नाही. म्हणून तुमच्यासाठी चार महिन्यांचा राखीव पैसा मला पुरेसा वाटत नाही. सहा महिन्यांचा हवा, ३६ हजार. सांगलीहून रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशीची चार तिकिटं काय भावात पडतात हे तुम्ही जाणता. ती तिकिटं क्रेडिट कार्डावर जाऊ नयेत.

आता सुपरचार्जरकडे येऊ.

अडीच हजारांचा जुना एलएसए सुपरचार्जर मोहात पाडणारा आहे. माल खरा आहे: ईटनचे टीव्हीएस रोटर, १.९ लिटर, कॅडिलॅक सीटीएस-व्ही मध्ये ५५६ आणि कॅमेरो झेडएल१ मध्ये ५८० हॉर्सपॉवर देणारा. एलएस३च्या चौकोनी पोर्टच्या हेडवर तो बसतोही. पण हीट एक्स्चेंजर, पाण्याचा पंप, नळ्या, थ्रॉटल बॉडी, ब्रॅकेट, पट्ट्याचा टेन्शनर हे सगळं वेगळं जमवावं लागतं आणि अडीचचे पाच-सहा हजार कधी झाले ते कळत नाही. शिवाय जीएमने एलएसएचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.१ ठेवलं होतं, तुमच्या एलएस३चं १०.७ आहे. त्यामुळे कॅडिलॅकवरची सेटिंग जशीच्या तशी चालणार नाही. ट्यूनिंग चुकलं, इंजिन ठोकायला लागलं आणि पिस्टनची कड तुटली की वाचवलेले सगळे पैसे नव्या इंजिनात जातात. तरीही बघायला गेलात तर पट्टा काढून पुली हाताने फिरवा. पुढच्या कपलरमध्ये खडखड येते का ऐका. मग हवा आत जाते त्या तोंडातून टॉर्च मारून रोटरवरचा लेप बघा. लेप खरवडलेला दिसला तर परत फिरा. माझं मत विचाराल, तर ज्याच्या घरी स्वतःचं गॅरेज, लेथवाला मित्र आणि वेल्डिंगचा हात आहे त्याने हा रस्ता घ्यावा. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही.

सेंट्रिफ्यूगल दोन हजारांनी स्वस्त आहे आणि तुमच्या गिअरबॉक्सवर थोडी दयाही करतो, कारण त्याचा बूस्ट आरपीएमबरोबर चढतो, खाली फारसा नसतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या फेरीत, वुडवर्ड ड्रीम क्रूझमध्ये, गाडी तासन्‌तास मुंगीच्या पावलाने जाते, तिथेही तो कमी तापतो. डोक्यावर बसणारा सुपरचार्जर अशा रांगेत चांगलाच तापतो. पण इंजिन बदललेल्या गाडीत याची एक अडचण आहे. एलएस इंजिनांची पुढची पुली तीन वेगवेगळ्या अंतरांवर बसते: कॉर्व्हेटची एक, कॅमेरोची एक, ट्रकची एक. तुमच्या १९६९च्या पिढीच्या कॅमेरोत खाली बसणारा एसीचा कॉम्प्रेसर सबफ्रेमला आडवा येतो, म्हणून असं इंजिन बदलणारे बहुधा वेगळी ब्रॅकेट लावतात. तुमच्या गाडीत नेमकं काय लावलंय हे मोजल्याशिवाय किट मागवलंत तर ब्रॅकेटवर आणखी हजारभर जातील. त्याहून मोठी गोष्ट अशी की तुम्हाला हवा आहे सिग्नलवरचा धक्का आणि सेंट्रिफ्यूगल तो देत नाही. नको असलेली वस्तू दोन हजारांनी स्वस्त घेऊन दोन वर्षांनी ती विकायची आणि हवी ती घ्यायची, हा मला सगळ्यांत महाग व्यवहार वाटतो.

म्हणून माझा कौल डोक्यावर बसणाऱ्या नव्या किटला. एलएस३साठी बनवलेलं, पूर्ण, वॉरंटी आणि सुरुवातीच्या ट्यूनसकट, मूळच्या पुलीवर, कमी बूस्टवर. मागवण्याआधी बॉनेटखालची उंची मोजा. सपाट बॉनेट असेल तर उंच काउल-इंडक्शन बॉनेटचा खर्चही धरावा लागेल. पण हे किट आता घेऊ नका, सगळ्यांत शेवटी घ्या.

असा क्रम मी सुचवतो. आता ऑक्टोबर आहे. डिसेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांचे २,१०० डॉलर सरळ ब्रेकला. ४३० हॉर्सपॉवर चार ड्रमवर थांबवताय ही गोष्ट मला सुपरचार्जरपेक्षा जास्त अस्वस्थ करते, आणि घरातली मुलगी त्या गाडीत बसत असणार. जानेवारी ते जूनचे ४,२०० आणि मार्चचा बोनस मिळून १२,२००, ते राखीव पैशात. जूनअखेर ३६ हजार पूर्ण. जुलैपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत ५,६०० साठतील, त्यात दुसरा बोनस धरून १३,६००. त्यातून गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल करून घ्या, ८,३००. उरले ५,३००. मार्च ते ऑक्टोबर आणखी ५,६०० पडले की हातात १०,९०० असतात. किट, इंधनाचं काम आणि ट्यूनिंग धरून १०,६०० लागतात. म्हणजे आजपासून दोन वर्षांनी, बर्फ पडून गाडी गॅरेजमध्ये गेली की किट बसवायला घ्यायचं. एक पैसा व्याज नाही. हा पैसा वेगळ्या बचत खात्यात ठेवा, शेअर बाजारात नको, कारण दोन वर्षांत लागणाऱ्या पैशाला तिथली चढउतार सोसत नाही. या काळात ४०१-के मधला कंपनीचा मॅच, म्हणजे कंपनी घालते तो वाटा, पूर्ण घेत राहा आणि ५२९ला हात लावू नका.

या क्रमाचा मला आवडणारा भाग असा की मधे कुठेही थांबावं लागलं तरी केलेला खर्च वाया जात नाही. ब्रेक, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सुपरचार्जरशिवायही गाडीला उपयोगाचे आहेत. उलट आधी सुपरचार्जर बसवून थांबलात तर बाकीचं सगळं तुटायची वाट बघत बसणं आलं.

आणखी एक पर्याय तुमच्या पत्रात नाही, तो नोंदवतो. जीएम स्वतः हेच एलएस३ कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलून ४९५ हॉर्सपॉवरचं विकत असे. मजुरी आणि ट्यूनिंग धरून सुपरचार्जरच्या तुलनेत हे फार थोड्यात होतं. गिअरबॉक्सचं काम झाल्यावर आधी एक उन्हाळा गाडी तशीच चालवा, मग मनाला विचारा. कॅमवर समाधान झालं तर सहा-सात हजार डॉलर तुमच्याकडेच राहतील. नाही झालं, तर किटसाठी माझा होकार आहेच.

गुंतवणूक म्हणून मात्र याकडे बघू नका. सुपरचार्जरवर घातलेला पैसा गाडी विकताना बहुतांशी परत येत नाही, आणि स्वतःच्या वापराची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करातही धरता येत नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: मूळ इंजिन आधीच गेलेलं असल्यामुळे तुम्ही काही अस्सल बिघडवत नाही आहात. एलएस३चा मूळ इनटेक, इंजेक्टर आणि बोल्ट खोक्यात भरून नाव घालून ठेवा. उद्या किट वेगळं विकायची वेळ आली तर गाडी पूर्ववत करता येईल.

विम्याचं काम मात्र याच आठवड्यात करा. जुन्या गाड्यांचा विमा सहसा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा असतो, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते. तुमची पॉलिसी तशी आहे की साध्या गाडीसारखी घसारा लावणारी, ते बघा. ॲग्रीड व्हॅल्यूची असेल तर त्यात अजून खरेदीचेच ३८ हजार आहेत का तेही बघा. प्रत्येक कामाची पावती आणि फोटो एजंटकडे पाठवत जा. सुपरचार्जर बसवण्याच्या आधी त्यांना लेखी विचारा, कारण काही कंपन्या ठरावीक ताकदीच्या पुढे वेगळी पॉलिसी मागतात. त्या हप्त्यातला फरक किती पडतो तो आकडा आला की मला कळवा, वरच्या हिशेबात तो धरावा लागेल.