पायलटचे पेन: आपल्या कागदावर, आपल्या उन्हात

राम राम. तुम्ही विचारलंय की रोजची डायरी अन् क्लासच्या नोट्स लिहायला पहिला चांगला शाईचा पेन घ्यायचाय, आधी घेतलेल्या जाड निबच्या पेनानं लाँगबुकावर शाई फुटली, आता जो तो पायलट या जपानी कंपनीचं नाव सांगतोय, तर त्यातला कोणता घ्यावा, साध्या काकुनोवर भागेल का एकदम महागड्या ८२३ वर उडी मारावी, अन् ते प्रत्यक्षात लिहितात कसे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, काकुनो घ्या, एफ म्हणजे फाइन, बारीक निबचा, सोबत कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून भरायची छोटी नळी. घाईत असाल तर एवढं बास आहे. वेळ असेल तर चहा ठेवा, कारण या विषयावर मी सुरू झालो की घरचे उठून दुसऱ्या खोलीत जातात.

मी लातुरात ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो, सव्वीस वर्षं झाली. लातूर पॅटर्नच्या गावात मास्तर असल्यावर लिहिण्याला तोटा नाही, नोट्स, टेस्ट सिरीज, पेपरांचे गठ्ठे. पायलटचे अकरा पेन आहेत माझ्याकडं, त्यातले पाच-सहा कायम शाई भरलेले असतात. दुसऱ्या कंपन्यांचेही घेतले, गंजगोलाईच्या बाजारातनं चायनाचे घेतले, आपले देशी इबोनाइटचे घेतले, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण फिरून फिरून हात पायलटकडंच जातो, अन् त्याचं कारण सोनंबिनं काही नाही, कारण आहे बारीक निब.

बघा, जपानी लोकांची अक्षरं एका चौकटीत दहा-पंधरा रेघांची, त्यामुळं त्यांची एफ निब युरोपातल्या एफपेक्षा बारीक असते, तिकडच्या एक्स्ट्रा फाइनच्या जवळ जाते. आता आपलं अक्षर घ्या. 'ष' मधली तिरकी रेघ बारीक नाही आली तर विषयाचा विपय होतो. 'ध' अन् 'घ' मधे फरक केवढा, डोक्यावरच्या त्या वळणाएवढा. वर रफार, त्याला चिकटून अनुस्वार, खाली उकार, अन् वहीच्या दोन ओळींत अंतर ते केवढं! जाड निबेनं 'सर्वांनी' लिहून बघा, रफार अन् अनुस्वाराचा मिळून एक डाग होतो. माझ्या विषयात तर अजून गंमत, एचटूएसओफोर लिहिताना खालचे २ अन् ४ शाईनं भरून गेले की पोरं वहीत काहीही उतरवून घेतात.

दुसरी गोष्ट कागद. आपल्याकडची साधी लाँगबुकं, झेरॉक्सचा कागद, रजिस्टरं, यांचे तंतू शाई ओढून घेतात, रेघेला केस फुटतात, मागच्या पानावर उमटतं. अशा कागदाला जो पेन कमी शाई देतो तोच टिकतो. बारीक निब म्हणजे कमी शाई, इतका साधा हिशोब आहे. तुमच्या जुन्या पेनाला शिव्या देऊ नका, चांगल्या गुळगुळीत कागदावर तो मस्तच चालत असणार, पण तो कागद रोज कुठून आणायचा.

आता काकुनो. २०१३ ला आला, जपानात शाळेतल्या पोरांसाठी काढलेला. षटकोनी अंग, त्यामुळं टेबलावर गडगडत नाही (क्लिप नाहीये, म्हणून हे महत्त्वाचं), पकडायची जागा तिकोनी गोलसर, अन् निबवर एक हसरा चेहरा कोरलेला. चेहरा आपल्याकडं बघून हसला म्हणजे पेन सरळ धरलाय, पहिल्यांदा शाईचा पेन धरणाऱ्या पोराला याच्यापेक्षा सोपं काय सांगणार! लिहितो कसा, तर कोरडाही नाही अन् ओलाही नाही. नवा असताना कागदावर एक हलकी सुरसुर ऐकू येते, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी नाही, त्याच्याहून खूप मऊ, पण येते. काही जणांना ती खरखर वाटते, मला आवडते, रेघ ताब्यात राहते त्याच्यामुळं. बारावीच्या पोरांना बॉलपेन दाबून दाबून लिहायची सवय असते, त्यांच्या हातात काकुनो दिला की पहिलं पान दाबूनच लिहितात, दुसऱ्या पानाला हात आपोआप सैल पडतो. सोबत शाईचं एक तयार काडतूस (कार्ट्रिज) येतं, कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. कॉन-४० छोटा आहे, अर्धा मिलीसुद्धा धरत नाही, कॉन-७० घ्या, खटके मारत भरायचा, एक मिलीच्या आसपास बसते, अन् काकुनोत तो मावतो.

पायलटचाच मेट्रोपॉलिटन म्हणजे पितळी अंगाचा, जरा वजनदार, हापिसात शोभतो. निब तीच. म्हणजे खरंच तीच, काकुनोची सरळ ओढून काढा अन् याच्यात बसवा, चालते. पण याच्यात कॉन-७० मावत नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. बाकी याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, चांगला आहे.

माझा जीव अडकलाय तो कस्टम ७४ मधे. त्याच्या आधी या आकड्यांचं कोडं सोडवून देतो कारण सगळे इथंच गोंधळतात. कंपनी १९१८ ची, नामिकी नावाच्या गृहस्थांनी काढली, ते जहाजांवरच्या लोकांना शिकवणारे मास्तर, म्हणून नाव पायलट, म्हणजे विमानवाला नव्हे, जहाजाला बंदरात वाट दाखवत आणणारा. (आमच्या मांजरा नदीत बऱ्याचदा होडीपुरतंही पाणी नसतं, तरी मला हे नाव आवडतं.) तर कंपनीला ७४ वर्षं झाली तेव्हा म्हणजे १९९२ ला कस्टम ७४ आला. पुढं आणखी एक आकडा असला तर तो मूळ किमतीचा, म्हणजे ७४२ वीस हजार येनचा, ७४३ तीस हजारांचा. याच हिशोबानं ८२३ म्हणजे ८२ वं वर्ष अन् तीस हजार येन, ९१२ म्हणजे ९१ वं वर्ष अन् वीस हजार. आता किमती वाढल्यात पण नावं तीच राहिली.

७४ ची निब १४ कॅरेटची, पाच नंबरची. माझ्याकडं आहे ती सॉफ्ट फाइन. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं, खरं सांगतो, मनात आलं एवढे पैसे घातले अन् काकुनोपेक्षा वेगळं काय. आठवडाभरानं लक्षात आलं की काना खाली ओढताना रेघ किंचित भरते अन् वेलांटी वर वळताना बारीक होते, आपण काही न करता. निब कागदावर टेकली की जराशी झोका खाते, नव्या चपलेचा तळवा वाकतो ना तसं. याला फ्लेक्स समजू नका, दाबून जाड-बारीक रेघा काढायचा हा पेन नव्हे. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांनी 'द्या जरा सही करायला' म्हणून घेतला अन् बॉलपेनसारखी दणकून सही ठोकली, तर निबच्या दोन पाकळ्यांत फट पडली. मी लॅबमधलं भिंग लावून तासभर बसलो, नखानं थोडं थोडं करत जुळवली, आता चालते, पण पहिल्यासारखी नाही. तेव्हापासनं माझ्या खिशात सही मागणाऱ्यांसाठी वेगळा बॉलपेन असतो.

८२३ तुमच्या मनात आहे म्हणून त्याच्याबद्दल नीट सांगतो. निब पंधरा नंबरची, मोठी, लिहायला म्हणाल तर लोण्यावरनं सुरी फिरावी तसा जातो. भरायची तऱ्हा वेगळी, मागची गुंडी फिरवून दांडा बाहेर ओढायचा, निब शाईत बुडवून दांडा आत ढकलायचा, तळाशी गेला की पोकळी सुटते अन् भसकन शाई वर चढते, एका दमात दीड-दोन मिली. पेनच्या पारदर्शक अंगातनं ते बघायला मला अजून मजा येते, वय पन्नाशीला आलं तरी. पण माझी फजिती ऐका. नवा घेतला, दोन-तीन पानं झक्कास लिहिली, चौथ्या पानावर कोरडा. धुतला, भरला, परत तेच. तिसऱ्यांदा धुतल्यावर सोबतचा कागद उघडला (आपण कागद शेवटी वाचतो) तर कळालं की आत झडप आहे, गुंडी बंद असली की टाकीतली शाई निबेकडं येतच नाही, जीभेत (निबखालची शाई पोचवणारी खाचांची पट्टी) जेवढी उरली तेवढ्यावरच पेन चालतो. सलग लिहायचं तर गुंडी जराशी सैल करून ठेवायची. प्रवासात बंद केली की गळायची भीती नाही. पहिला पेन म्हणून मात्र घेऊ नका, कारण याची निब शाई सढळ हातानं देते अन् तुमच्या लाँगबुकावर परत तेच रडगाणं.

पायलटचा कॅपलेस म्हणजे टोपण नसलेला, बॉलपेनसारखा खटका दाबला की निब बाहेर, आत गेली की तोंडाशी एक चिमुकलं दार बंद होतं. १९६३ पासनं आहे हे, बघताना विश्वास बसत नाही. क्लिप निबच्या बाजूला असते, लोकांना ते उलटं वाटतं, पण खिशात निब वर राहावी म्हणूनच ती तिथं आहे. तुमची पकड तिथंच येत असेल तर मात्र बोटाला खुपेल, आधी कुणाचा तरी धरून बघा. माझा लेकीनं नेला, ती घाटी हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर आहे, म्हणते एका हातात फाइल असली की दुसऱ्या हातानं उघडता येणारा हा एकच पेन.

आता आपल्या भागाच्या गोष्टी. ऊन. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत औशाहून लातूरला गाडीवर आलं अन् खिशातला पेन उघडला की निबवर शाईचा थेंब तयार असतो, कधी टोपणातही सांडलेला. दोष पेनाचा नाही, कन्व्हर्टर अर्धा रिकामा असला की आतली हवा तापून फुगते अन् शाईला बाहेर ढकलते. म्हणून उन्हाळ्यात निघताना पेन एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामा करा, अन् निब वर करूनच ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. अन् रोज लिहीत नसाल तर एका वेळी एकच पेन भरा, कुठल्याही पेनात पडून राहिलेली शाई इथं पुण्यामुंबईपेक्षा लवकर घट्ट होते.

पाणी. बोअरच्या पाण्यानं पेन धुऊ नका राव. आपलं पाणी जड, नळाच्या तोंडाशी पांढरा थर बघा, तोच थर जीभेच्या त्या केसाएवढ्या खाचांत बसतो. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो, एक कॅन वर्षभर पुरतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ना लातूरला, तेव्हा एका रविवारी मी वाटीभर पाणी घेऊन पेन उघडून बसलो होतो, बायकोनं बघितलं अन् म्हणाली, "गावाला रेल्वेनं पाणी यायलंय अन् तुम्ही पेन धुवायलाव का?" ते बॅटरीचंच पाणी होतं, पण सांगायची हिंमत झाली नाही. त्या उन्हाळ्यात एकाच पेनात एकच निळी शाई चालवली.

शाई. पायलटची इरोशिझुकू अप्रतिम, कोन-पेकीचा निळा बघितला की पावसानंतरचं आभाळ आठवतं, पण रोज गठ्ठे तपासायला ती परवडत नाही. मी रोजच्याला कॅमलची रॉयल ब्लू वापरतो. दांडेकरांनी १९३१ ला शाईच्या पुडीपासनं सुरुवात केलेली कंपनी, आता तीही जपानी कोकुयोच्या हातात आहे, म्हणजे पेन अन् शाई दोन्ही एका देशाचे झाले म्हणायचे. बारीक निबेत ती साध्या कागदावर फुटत नाही, धुवायला सोपी. फक्त दुकानदार 'शाईच आहे की' म्हणून ड्रॉइंग इंकची बाटली हातात देईल ती घेऊ नका, वॉटरप्रूफ असते, लाखेसारखी आत वाळते, मग कितीही धुवा.

अन् शेवटचं, ऑनलाइन मागवताना एफ लिहिलंय का ते दोनदा बघा अन् पार्सल उघडल्यावर शाई भरायच्या आधी निबवर बघा, तिथं बारीक कोरलेलं असतं. मला एका विक्रेत्यानं एफ सांगून एम, म्हणजे मीडियम, जाड निबचा पाठवला होता, मी उत्साहात लगेच शाई भरली, मग परत घेईनात. तो एम आता लाल शाई भरून मार्क द्यायला ठेवलाय. आकडे चांगले ठळक येतात त्यानं, अन् पोरं म्हणतात सरांनी शून्य पण किती सुंदर काढलंय.