‘पूर्वीसारखं’ हा शब्द आधी खोडला

“ऑपरेशन झालं की मी पूर्वीसारखा होईन ना?” लिंगाला बाक आलेले पुरुष समुपदेशनाला आले की हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. कुणी पहिल्याच दिवशी, कुणी तीन-चार भेटी झाल्यावर, निघता निघता. ‘हो’ म्हणणं सोपं असतं आणि समोरच्याला तेवढंच ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही. का म्हणत नाही, ते एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. लिहायला त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे.

गृहस्थ ५४ वर्षांचे. आले ते झोप लागत नाही म्हणून. चिडचिड वाढलेली, वजन उतरलेलं, कामात लक्ष नाही. दोन भेटी आम्ही झोपेवरच बोललो. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “रात्री जाग येते तेव्हा शेजारी कोण असतं?”

“कोणी नाही. आठ महिने झाले, मी बाहेरच्या खोलीत झोपतो. हिला सांगितलंय, पाठ दुखते म्हणून.”

मग बराच वेळ गप्प. नंतर माझ्याकडे न बघता त्यांनी उजव्या हाताची तर्जनी उचलली, वाकवली आणि तशीच धरून ठेवली. “मॅडम, हे असं झालंय.”

सुरुवात दुखण्याने झाली होती. ताठरता आली की एका ठरावीक जागी कळ यायची. मग तिथे हाताला काहीतरी टणक लागलं, वाटाण्याएवढं. कॅन्सरच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढे बाक दिसायला लागला तेव्हा कॅन्सरची जागा शिक्षेने घेतली. तरुणपणीच्या हस्तमैथुनाची ही फळं, असं त्यांना वाटू लागलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर शोधायचं, जाहिरातीतल्या गोळ्या मागवायच्या, त्या कपाटात फायलींमागे लपवायच्या. डॉक्टरांकडे मात्र एकदाही गेले नव्हते.

मी त्यांना सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” या आजारात हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. पेरोनीच्या, म्हणजे लिंगाला बाक आणणाऱ्या या आजाराच्या, रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळल्याची नोंद आहे, आणि यातले बहुतेक जण कुणाशी चकार शब्द बोललेले नसतात. ते म्हणाले, “द्यावासा नाही वाटत. पण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं.” हे वाक्य मी गंभीरपणे घेते. त्यांना युरॉलॉजिस्टकडे पाठवलं त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं.

निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टर करतील, असं सांगून मी त्यांना आजाराचं नाव मात्र त्याच दिवशी सांगितलं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या पदरी असलेले शल्यचिकित्सक पेरोनी यांनी १७४३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. ते ऐकून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीही लोकांना हे होतच होतं.” खुर्चीच्या टोकावर बसलेला माणूस पहिल्यांदा पाठ टेकून बसला.

युरॉलॉजिस्टने आधी त्यांचे हात बघितले. हे त्यांना फार नवल वाटलं. मला मात्र आठवलं की हात टेबलावर ठेवताना त्यांची करंगळी आणि अनामिका कधीच सरळ टेकत नसे, तळव्यात दोरीसारखा ताण दिसायचा. तळहातातल्या या आजाराला डुप्युट्रेन म्हणतात, आणि तो असलेल्यांमध्ये पेरोनी जास्त आढळतो. दोन्हींत व्रण भरण्याची क्रिया बिघडते, आणि दोन्ही घराण्यात उतरू शकतात. मधुमेह, धूम्रपान आणि वाढतं वय यांचाही संबंध आहे. हस्तमैथुनाच्या ‘शिक्षे’चा नाही. हा आजार संसर्गाने होत नाही, जोडीदाराला लागत नाही, आणि ती गाठ कॅन्सरची नसते.

बाक का येतो, हे डॉक्टरांनी रबरी हातमोज्याचं एक बोट फुगवून दाखवलं. एका बाजूला चिकटपट्टी लावली आणि पुन्हा फुगवलं. बोट पट्टीच्या बाजूला वळलं. लिंगात रक्त भरतं त्या नळ्यांभोवती एक चिवट, ताणलं जाणारं आवरण असतं. त्याला बारीकसारीक इजा होते, बहुतेकांना ती कधी झाली हे आठवतही नाही. काहींमध्ये ती भरताना तिथे कडक, न ताणला जाणारा पट्टा तयार होतो. त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी हा सगळा प्रयोग मला हाताने करून दाखवला. स्वतःच्या शरीराबद्दल ते पहिल्यांदाच न कुजबुजता बोलत होते.

(इथेच एक सांगून ठेवते. संबंधाच्या वेळी काही तुटल्यासारखा आवाज आला, ताठरता एकदम गेली आणि सूज येऊन जागा काळीनिळी पडली, तर तो पेरोनी नव्हे. ती आवरण फाटण्याची इजा असते. तासाभराचीही वाट न बघता रुग्णालय गाठायचं.)

लगेच ऑपरेशन करू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते त्यांना अजिबात पटलं नाही. पण आजार ‘चालू’ असताना, म्हणजे दुखतंय आणि बाक बदलतोय तोवर, शस्त्रक्रिया केली तर नंतर बाक पुन्हा येऊ शकतो. ही अवस्था साधारण वर्ष-दीड वर्ष चालते. दुखणं या काळात बहुतेकांचं आपोआप थांबतं. बाक मात्र १०० पैकी बारा-तेरा जणांमध्येच आपसूक कमी होतो. बाकीच्यांचा तसाच राहतो किंवा वाढतो. व्हिटॅमिन ई सारख्या गोळ्यांचा बाकावर उपयोग दिसलेला नाही, हे ऐकून त्यांनी फायलींमागचा साठा काढून टाकला. पट्टा विरघळवण्याच्या कोलॅजनेज इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ते प्रत्येक देशात मिळत नाही, त्यांच्या बाबतीत तो मार्ग नव्हता. त्यांच्या वाट्याला आलं थांबणं.

आणि या थांबण्याच्या काळात फोटो निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी ताठरता असताना वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढून आणा, म्हणजे बाक किती आणि कुठल्या दिशेला हे कळेल. दोन भेटी उलटल्या, फोटो नाही. मोबाइल हातात घेतला की सगळंच ओसरायचं. मी विचारलं, “दुसऱ्या कुणी काढला तर?” ते माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, “घरात दुसरं माणूस आहे ना?”

पुढच्या भेटीला दोघं आले. पत्नी खुर्चीवर बसल्या आणि पहिलं वाक्य मला न उद्देशता बोलल्या. “मला वाटलं, मीच नकोशी झाले.” आठ महिने त्यांनी स्वतःपुरता एक हिशेब मांडून ठेवला होता. वय झालं, शरीर सुटलं, यांना दुसरं कुणीतरी भेटलं. मोबाइल लपवणं, रात्रीचं जागणं, बंद खोली. सगळे पुरावे त्या हिशेबात चपखल बसत होते. रडून झाल्यावर मात्र त्या चांगल्याच संतापल्या. “कॅन्सर आहे असं वाटत असताना सुद्धा मला सांगितलं नाहीत?” यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तो राग मी शमवायला गेले नाही. त्या बाईंचा तो हक्क होता. जोडीदाराला ‘त्रास नको’ म्हणून गप्प बसणारी माणसं त्याला किती मोठ्या त्रासात एकटं सोडतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटतं.

फोटो पत्नीनेच काढले. बाक वरच्या बाजूला, सुमारे ५० अंश. पुढे डॉक्टरांनी इंजेक्शनने ताठरता आणून मोजला तेव्हाही जवळपास तेवढाच भरला.

दुखणं थांबलं. सहा महिने बाक जिथल्या तिथे राहिला. आता ऑपरेशनचं बोलायची वेळ आली होती, आणि माझ्या दृष्टीने खरं काम इथे सुरू झालं. मी त्यांना कागद दिला आणि म्हटलं, “ऑपरेशनमधून काय हवंय ते लिहा.” त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘पूर्वीसारखं’.

तो शब्द आम्ही तासभर उलटसुलट केला. कारण शस्त्रक्रियेचे तीनच मुख्य मार्ग आहेत आणि तिन्हींची काही ना काही किंमत आहे. ताठरता चांगली असेल आणि बाक साधारण ६० अंशांच्या आत असेल, तर पट्ट्याला हातच लावत नाहीत. उलट बाजूला, जी लांब राहिली आहे तिथे, चुण्या घालतात. कापडाची एक बाजू आखडली तर शिंपी दुसरी बाजू चुणी घालून तेवढीच करतो, तसं. लिंग सरळ होतं, पण आखूड बाजूच्या मापाने. बाक मोठा असेल किंवा मधे डमरूसारखी खाच पडली असेल, तर पट्ट्यावर छेद देऊन तिथे पॅच जोडतात. लांबी बऱ्यापैकी राखली जाते, पण ताठरता कमी होण्याचा धोका जास्त असतो. आणि औषधांनीही ताठरता येत नसेल, तर आत इम्प्लांट, म्हणजे ताठरता देणारं कृत्रिम साधन, बसवतात.

यांच्यासाठी चुण्यांचा मार्ग योग्य होता. एक-दीड सेंटिमीटर लांबी जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शिवाय आजाराने आधीच थोडी लांबी खाल्ली होती. ऑपरेशनच्या आधी त्यांनी ताणून माप घेतलं आणि यांच्यादेखत कागदावर लिहिलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे माप लिहिलेलं नसेल तर आजाराने नेलेली लांबीसुद्धा नंतर ऑपरेशनच्या नावावर जमा होते, आणि माणूस आयुष्यभर ‘मी उगीच हात लावू दिला’ म्हणत बसतो.

मी त्यांना म्हटलं, “जे जाणार आहे त्याचं दुःख आत्ताच करून घेऊ. ऑपरेशननंतर सगळे ‘झालं ना चांगलं’ म्हणतील, तेव्हा रडायला जागा मिळणार नाही.” त्यांनी ‘पूर्वीसारखं’ खोडलं. खाली लिहिलं, ‘हिला न दुखता जवळ येता यावं.’ थोडं थांबून आणखी एक ओळ, ‘दिवा लावून ठेवता यावा.’ पत्नीने तो कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, दुसऱ्या दिवशी घरी आले. त्यानंतरचे दिवस मात्र कठीण. त्वचा मुळापर्यंत मागे सरकवून काम केलेलं असतं, त्यामुळे सूज आणि काळानिळा रंग बघून माणूस हादरतो. झोपेत आपोआप ताठरता येते आणि टाक्यांवर ताण पडून जाग येते. दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. “मॅडम, सरळ आहे.” आणि मग रडू. “सरळ आहे, पण लहान वाटतंय. पुढच्या टोकाला स्पर्शच कळत नाही. चामडीखाली गाठी लागतात.” गाठी त्या न विरघळणाऱ्या टाक्यांच्या होत्या, आणि बधिरपणा बहुतेकांमध्ये काही महिन्यांत ओसरतो, तरी मी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं, त्यांनीही तेच सांगितलं. मग मी विचारलं, “तो कागद कुठे आहे?” मागून पत्नीचा आवाज आला, “माझ्याकडे आहे. वाचून दाखवते यांना.”

सहा आठवडे संबंध वर्ज्य असतात. सहा आठवडे संपले, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि हे पुन्हा बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. या वेळी पाठीचं कारण दिलं नाही. भीती वाटते, मोडेल असं वाटतं, हे पत्नीला सांगितलं. तेवढ्यावरच मला हायसं वाटलं. मग मी त्यांना मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी रुजवलेले स्पर्शाचे व्यायाम दिले. पहिले दोन आठवडे संबंधाला पूर्ण बंदी. एकाने फक्त हात, पाठ, चेहरा यांना स्पर्श करायचा, दुसऱ्याने कसं वाटतं ते सांगायचं. हळूहळू पुढे जायचं. बंदी माझी असल्यामुळे परीक्षा नाही, नापास होणंही नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी बंदी मोडली, आणि दोघांनी शाळकरी मुलांसारखं खाली बघत मला ते सांगितलं.

सहा महिन्यांनी शेवटच्या भेटीला आले तेव्हा किंचित बाक शिल्लक होता, १० अंशांच्या आतला. त्याचा त्रास नव्हता. टोकाचा स्पर्श बराचसा परतला होता. लांबीबद्दल मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “कमी आहे. कधी कधी आठवतं. आठवलं की हिला सांगतो.”

निघायच्या आधी ते घुटमळले. “आमच्या दादाची पण बोटं अशीच वाकडी आहेत. गेली दोन वर्षं तो कुणाकडे राहायला जात नाही, वहिनीशी धड बोलत नाही. त्याला विचारू का?”

मी म्हटलं, “तुम्हाला कुणी विचारलं असतं तर?”

पंधरा मिनिटांनी मी पाणी आणायला बाहेर गेले तर ते अजून जिन्यातच उभे होते, पत्नी दोन पायऱ्या खाली. मोबाइल कानाला लावलेला. “दादा, ऐक. तुझी ती बोटं… नाही नाही, मी ठीक आहे. तू एकटा आहेस का आत्ता?”