इमर्जन्सी मेडिसिनमधले संशोधन-पेपर: वाचायला सुरुवात कुठून करावी?

सगळं वाचायचा हट्ट आधी सोड. आठवड्याला एक पेपर, पण नीट. पहिले हे दोन अभ्यास घे:

- प्रीऑक्सी, 2024: श्वासनलिकेत नळी टाकण्याआधी साध्या ऑक्सिजन मास्कऐवजी नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशन (घट्ट मास्कमधून दाबानं ऑक्सिजन). ऑक्सिजन धोकादायक घसरण्याचं प्रमाण 18.5 ऐवजी 9.1 टक्के.
- क्लोव्हर्स, 2023: सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागतात ती अवस्था) रक्तदाब पडल्यावर सलाईन हात राखून की सढळ? 90 दिवसांतल्या मृत्यूंत ठळक फरक नाही.

नवखे इथंच फसतात (मीही फसलो होतो). नुसता निष्कर्ष वाचून ‘सलाईन कमी दिलं तरी चालतं’ म्हणतात. पण त्या रुग्णांना अभ्यासात येण्याआधीच एक ते तीन लिटर मिळालं होतं! म्हणून रुग्ण कोण होते, ते आधी बघ. आकडेशास्त्राचं नंतर पाहू.